मेन पडला? आधी किती वेळात पडला ते बघा

मुंबईत ‘लाइट गेली’ या दोन शब्दांचे निदान चार अर्थ होतात. अख्ख्या वस्तीची गेली. इमारतीतला एकच फेज गेला, म्हणजे तुमच्याकडे अंधार आणि समोरच्या दारात टीव्ही चालू. तुमच्या घरातला मेन पडला. किंवा नुसती स्वयंपाकघरातली गेली आणि हॉलमधला पंखा आपला मजेत फिरतोय. शहरात नवीन आलेला माणूस चारही वेळा एकच करतो. दारावरच्या डब्याकडे धावतो आणि खाली आलेला खटका वर ढकलतो. पुन्हा पडला की पुन्हा ढकलतो.

मी आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला आणि परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतोय. ‘भाऊ, मेन पडतोय, वर केला तरी खाली येतोय’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वर केल्यावर किती वेळात पडतो? लोकांना वाटतं, हा कसल्या चौकशा करतोय, येऊन बघ की. पण निम्मं निदान त्या उत्तरात असतं. ते तुम्हालाही करता यावं म्हणून हे लिहितोय. दुरुस्ती तुम्ही करायची नाही, ती आमची. तुम्ही फक्त ओळखायचं.

आधी डबा ओळखून घ्या, उजेडात

हे काम अंधार पडल्यावर करायचं नसतं. नव्या घरात सामान लावून झालं की एका रविवारी सकाळी डब्याचं झाकण उघडून बघा. स्क्रू काढायचे नाहीत, नुसतं पुढचं झाकण. आत एका रांगेत खटके दिसतील.

अरुंद खटके असतात ते एमसीबी, तारेतून जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारे. प्रत्येकावर ‘सी १६’, ‘सी १०’, ‘बी ६’ असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा म्हणजे अँपिअर. दिव्या-पंख्यांना बहुधा ६ किंवा १०, मोठ्या प्लगांना १६ किंवा २०. आकड्याआधीचं अक्षर सांगतं की शॉर्ट झाल्यावर तो किती करंटला तडकाफडकी पडेल. बी असेल तर आकड्याच्या ३ ते ५ पट, सी असेल तर ५ ते १० पट.

एक रुंद खटका असेल आणि त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असेल, तर तो आरसीसीबी, करंट कुठे जमिनीत गळू लागला की पडणारा. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. त्यावर ‘३० एमए’ छापलेलं असायला हवं. हे दोघं भाऊ दिसतात, पण कामं अगदी वेगळी.

तिसराही एक रुंद खटका असतो आणि तो फसवतो. टेस्टचं बटण नाही, दिसायला मोठा मेन, पण तो नुसता आयसोलेटर असतो. हाताने चालू-बंद करायचा, स्वतःहून कधीच पडत नाही. कितीतरी भाड्याच्या घरांत लोक त्याला ‘सेफ्टी आहे ना’ म्हणून दाखवतात. टेस्टचं बटण नसेल तर बहुतेक हाच, शॉक लागल्यावर सोडवणारा नाही. खात्री वायरमनकडून करून घ्या.

आता घरातलं दुसरं माणूस खोल्यांमध्ये फिरवा आणि एकेक खटका खाली करून काय बंद होतंय ते ओरडून विचारा. झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा: ‘किचन प्लग’, ‘गिझर’, ‘हॉल लाइट’. कागदी स्टिकर मुंबईच्या दमट हवेत एका पावसाळ्यात गळून पडतात, म्हणून मार्कर. जाता जाता तळमजल्यावर मीटरची खोली कुठे आहे आणि आपला मीटर कुठला, तेही बघून या. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरच्या पुढची तुमची किंवा घरमालकाची. तिथल्या सीलला हात लावायचा नाही.

लाइट गेली की पहिल्या मिनिटात

खिडकीतून बाहेर बघा. समोरची इमारतही काळोखात असेल तर डब्याशी काहीच काम नाही. वीजबिल काढा, तक्रारीचा नंबर त्यावर असतो, सोबत तुमचा ग्राहक क्रमांकही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, त्यापुढे उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपच्या बाजूला महावितरण. नव्याने आलेला माणूस भलत्याच कंपनीला फोन लावून बसतो, म्हणून बिल बघा म्हणतोय. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज एकदम गेली होती, तेव्हाही लोक आपापल्या डब्यांशी झटापट करत होते. अशा वेळी उलट एसी, फ्रिज, टीव्ही बंद करून ठेवायचं आणि वीज आल्यावर पाचेक मिनिटांनी एकेक चालू करायचं.

बाहेर उजेड आहे आणि आपल्याकडेच नाही, तर डबा. पण आधी नाक वापरा. जळका वास, बोर्डावर काळा डाग, चरचर आवाज, डब्याचं झाकण गरम, यातलं काही असेल तर खटका वर करायचाच नाही. अजून पुरवठा चालू असेल आणि हात पोचत असेल तर मेन खाली करा आणि वायरमनला बोलवा. तापलेल्या प्लगाचं प्लास्टिक कधीकधी चक्क मासळीसारखं घाणेरडं वासतं. आमच्या भागात हा वास कुणाच्या लक्षातच येत नाही, घरोघरी बोंबील असतात. एका काकूंनी मला श्रावणात फोन केला होता, ‘अरे, आमच्याकडे महिनाभर बंद आहे आणि वास कुठून येतोय?’ फ्रिजमागचा सॉकेट अर्धा वितळला होता. श्रावण नसता तर कळलंच नसतं.

वास नाही, डाग नाही, तर पुढे. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, फरशी ओली नाही. कुठला खटका पडलाय ते बघा. काही कंपन्यांचा खटका पडल्यावर पूर्ण खाली न येता मध्येच लटकतो, तोही पडलेलाच. त्या लाइनवरची सगळी उपकरणं बंद करा आणि प्लग काढा. मग खटका आधी पूर्ण खाली दाबा, ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत, आणि नंतर एका दमात वर. अर्धवट पडलेला खटका थेट वर ढकलला तर तो बसत नाही आणि लोकांना वाटतं बिघडला.

आता एकेक वस्तू लावत जा आणि वेळ बघा.

किती वेळात पडला?

*वर करताक्षणी, फाट्कन पडला.* सगळे प्लग काढलेले असूनही पडला तर भिंतीतल्या तारेत, बोर्डात किंवा दिव्याच्या होल्डरमध्ये फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) एकमेकांना भिडलेत. शॉर्ट. एमसीबीच्या आत एक गुंडाळी असते, प्रचंड करंट आला की ती लोहचुंबकासारखी खेचते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. अशा वेळी दुसऱ्यांदा वर करू नका. प्रत्येक वेळी त्याच जागी ठिणगी पडत असते. तो खटका खालीच ठेवा, बाकीचं घर चालू राहू द्या आणि वायरमनला बोलवा. प्लग काढल्यावर टिकला आणि एखादी वस्तू लावताक्षणी पडला, तर दोष त्या वस्तूत. तिला बाजूला ठेवा.

*दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने पडला.* हा ओव्हरलोड. एमसीबीत गुंडाळीशिवाय दोन धातूंची एक पट्टी असते. जास्त करंट वाहत राहिला की ती तापून हळूहळू वाकते आणि खटका सोडते, म्हणूनच वेळ लागतो. १६ चा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर तसाच उभा राहील. २३ च्या वर गेलं की तासाच्या आत पडणार, जितकं जास्त तितकं लवकर.

स्वयंपाकघराचा हिशेब करून बघू. वॅटला २३० ने भागलं की ढोबळ अँपिअर मिळतात. इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०. बेरीज ३९५०, म्हणजे साधारण १७ अँपिअर. १६ च्या लाइनवर हे निभावतं. त्यात कुणीतरी चहासाठी १५०० वॅटची केटल लावली, झाले ५४५०, जवळजवळ २४ अँपिअर. मग पाहुणे आलेले असतानाच खटका पडतो आणि दोष बिचाऱ्या केटलला. बिघाड कशातच नसतो. एक वस्तू थांबवायची, पट्टी थंड व्हायला पाचेक मिनिटं द्यायची आणि खटका वर करायचा.

इथेच सगळ्यात वाईट सल्ला मिळतो आणि तो देणारे आमच्यातलेही असतात: ‘१६ चा काढून ३२ चा टाकतो, परत पडणार नाही.’ पडणार नाही हे खरं, पण एमसीबी उपकरणासाठी नसतो, तो भिंतीतल्या तारेसाठी असतो. दिव्यांना दीडची तार, १६ च्या प्लगला अडीचची, एसी-गिझरला चारची, असा साधा रिवाज आहे. आकडा तांब्याच्या जाडीचा, चौरस मिलिमीटरमध्ये. अडीचच्या तारेवर ३२ चा एमसीबी बसवला की तार भिंतीत तापत राहते, तिचं आवरण मऊ पडतं आणि एमसीबी शांत बसून बघत राहतो. मोठा एमसीबी हवाच असेल तर आधी तार बदला. जुन्या चाळींत अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत, तिथे हाच प्रकार फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार पिळून केलेला असतो. आणि एका घरात तर खटका पडू नये म्हणून त्याला वर पेन्सिल बांधून ठेवलेली मी पाहिली आहे. त्याने काहीच होत नाही. खटका वर धरला तरी आतला संपर्क सुटतोच, त्याची रचनाच तशी असते.

*कधीही पडतो, वेळेचा पत्ता नाही, पाऊस आला की जास्त.* इथे बहुधा एमसीबी नसून आरसीसीबी पडलेला असतो. पुन्हा एकदा टेस्टचं बटण शोधा.

आरसीसीबीचं वेगळंच खातं

एमसीबी तुम्हाला शॉकपासून वाचवत नाही, हे कितीतरी शिकल्यासवरल्यांनाही माहीत नसतं. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला त्याच्या कणभर करंट पुरतो, मग एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ते काम आरसीसीबीचं. तो पतपेढीतल्या चिकट कारकुनासारखा असतो: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठूनतरी, कदाचित कुणाच्या अंगातून, करंट जमिनीत चाललाय असं समजून ०.३ सेकंदाच्या आत तो घर बंद करतो. त्यालाही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर त्याच्या हिशेबात तुम्ही नुसते एक बल्ब असता. ओव्हरलोडही त्याला कळत नाही. म्हणून घरात दोन्ही हवेत.

तो महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून तपासायचा. दाबताक्षणी पडला पाहिजे. नाही पडला तर तो मेलाय, बदलून घ्या. बटण त्याची यंत्रणा तपासतं, घराचं अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी तार, नाही, ते वायरमनकडून वेगळं तपासून घ्यायचं.

चिंचपोकळीला चौथ्या मजल्यावर साताऱ्याकडची दोन मुलं भाड्याने राहायला आली होती. ऑफिसला जायच्या घाईत इस्त्री लावली की आरसीसीबी पडायचा. त्यांनी इस्त्री बदलली, नवीही पाडायची. मग मित्राची आणली, तीही. मी गेलो तेव्हा एकजण हताश होऊन म्हणाला, ‘दादा, सगळी बटणं बंद आहेत बघा, फक्त इस्त्री चालू.’ बटणं खरंच बंद होती. पण गॅलरीत वॉशिंग मशीन होतं आणि त्याचा प्लग सॉकेटमध्ये तसाच. तो काढला आणि इस्त्री लावली, आरसीसीबी उभा राहिला. मशीन पुढे ओढून मागे बॅटरी मारली. उंदराने वायर कुरतडलेली, काळ्या तारेचं तांबं बोटभर उघडं पडून मशीनच्या पत्र्याला टेकलेलं.

काळी तार म्हणजे न्यूट्रल. आपल्या बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. इस्त्रीसारखा मोठा करंट वाहू लागला की परतीचा थोडा हिस्सा त्या उघड्या तारेतून, मशीनच्या पत्र्यातून, अर्थिंगच्या वाटेने निसटायचा आणि हिशेब चुकायचा. इस्त्रीचा काही दोष नव्हता, तीन इस्त्र्या उगीच बदनाम झाल्या. म्हणून आरसीसीबी पडत असेल तर बटण बंद करून भागत नाही. प्लग उपटून काढा. सगळे. फ्रिजचा, वॉटर प्युरिफायरचा, वायफायचा, गॅलरीतला. मग सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर. कुठल्या लाइनवर पडतो ते कळलं की त्या लाइनचे प्लग एकेक करून लावत जा. गिझर, एसी असे जोडलेलेच असतील तर तेवढ्यांसाठी वायरमन लागेल. आणि काही सापडलं नाही म्हणून आरसीसीबी बायपास करून घेऊ नका. ‘ह्याचीच कटकट आहे, काढून टाकू’ म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर माझे निम्मे फोन ओलीचे असतात. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपलेलं पाणी पाइपातून थेट बोर्डात उतरतं. भिंतीला ओल आली आणि त्याच भिंतीवर बोर्ड असेल तर ती लाइन बंद ठेवा आणि आधी गळती थांबवा. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कोरड्या हाताने मेन खाली. तपासायला पुन्हा हात लावू नका.

तळमजल्याला राहत असाल तर आणखी एक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कितीतरी घरांत पाणी सॉकेटच्या वर चढलं होतं. पाणी उंबरठ्याशी आलंय आणि फरशी अजून कोरडी आहे, तेव्हाच मेन खाली करायचा. पाण्यात उभं राहून मेनला किंवा मीटरच्या खोलीला हात लावायचा नाही, कंपनीला फोन करून पुरवठा बंद करायला सांगायचं. पाणी ओसरल्यावर सॉकेट वरून कोरडे दिसतात, पण आत गाळ असतो. ते उघडून, वाळवून, मेगरने (तारांमधून करंट गळतोय का ते मोजायचं यंत्र) तपासल्याशिवाय चालू करू नयेत.

गणपतीच्या आरासेचं थोडक्यात: माळांवर माळा एकाच एक्स्टेन्शनला जोडू नका, वायर गालिच्याखालून नेऊ नका, रात्री झोपताना माळा बंद. समई आणि कापडाचा पडदा यांत हातभर अंतर ठेवा, ते वायरमनने सांगायची गोष्ट नाही, पण सांगतो.

भाड्याचं घर घेण्याआधी

दलाल तुम्हाला खिडकी आणि नळाचं पाणी दाखवेल. तुम्ही डबा बघा. आरसीसीबी आहे का, बटण दाबल्यावर पडतो का. गिझरच्या प्लगवर तपकिरी डाग आहे का. १६ च्या जाड पिनांच्या प्लगला बारीक सॉकेटमध्ये बसवणारं अडॅप्टर कुठे लावलंय का, गिझर किंवा एसी त्यावर चालत असेल तर ते पहिल्या दिवशी काढा. आणि बिलावर मंजूर भार किती आहे ते वाचा. त्यात बसत नसेल तर एसी लावण्याआधी घरमालकाकडून तो वाढवून घ्यावा लागतो. अर्थिंग आहे का हे टेस्टरने कळत नाही. सॉकेटला वरचं तिसरं भोक आहे म्हणजे त्यामागे हिरवी तार आहे, असंही नाही. मी अशी डझनावारी भोकं उघडून पाहिली आहेत, आत फक्त कोळ्याचं जाळं. वायरमनकडून मोजून घ्या.

गावाकडून बरोबर आणलेला पाणी तापवायचा रॉड शक्यतो आणूच नका. वापरायचाच असेल तर प्लास्टिकची बादली, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

कुणाला शॉक लागला तर

त्याला धरून ओढायचं नाही. आधी मेन. मेन जवळ नसेल तर सुक्या लाकडी काठीने वायर बाजूला करायची, स्वतः कोरड्या जागी उभं राहून. सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. माणूस उठून बसला, ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचं, हृदयाची लय नंतरही बिघडू शकते. बोर्डातून आग लागली तर पाणी मारायचं नाही. जमलं तर मेन बंद करून घराबाहेर पडायचं आणि १०१ फिरवायचा.

वायरमन आला की

लायसन्स असलेल्या कंत्राटदाराचा माणूस मागा. सामान तुम्ही आणणार असाल तर लोहार चाळीत सगळं मिळतं, पण स्वस्ताच्या नादात आयएसआयच्या चिन्हाशिवाय काही उचलू नका. कामाला हात घालण्याआधी तो मेन खाली करतो का बघा. काम झाल्यावर त्याला तीन गोष्टी तुमच्यासमोर करायला लावा: टेस्टचं बटण दाबून आरसीसीबी पाडून दाखव, नव्या लाइनवर पूर्ण लोड लावून पंधरा मिनिटं चालव आणि नंतर प्लगला हात लावून तो गरम नाही हे दाखव. डब्याचे सगळे स्क्रू परत बसलेत का तेही मोजा, एकदोन नेहमी आमच्या खिशात राहतात. पैसे त्यानंतर.